लोखंड टिकले, कापडाचे काय?

नगरला पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या आहेत. चांदबिबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर, भुईकोट किल्ला, आणि मुलांचा हट्ट असेल तर रणगाडा संग्रहालय. फेब्रुवारी १९९४ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातला जपानी हलका रणगाडा आहे, रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे आणि पाकिस्तानकडून युद्धात हस्तगत केलेला पॅटनही आहे. पॅटनचे वजन चाळीस टनांहून अधिक. त्याला ऊन लागो, पाऊस लागो, वर्षा-दोन वर्षांनी रंगाचा हात मारला की तो पुन्हा उभा.

आता दुसरी वस्तू डोळ्यांसमोर आणा. तीन फूट बाय दोन फूट हातकताईची खादी, मध्ये निळ्या रंगात काढलेला चरखा, एका कडेला दोरी ओवायला दुमडून शिवलेली पट्टी. वजन पावशेरही भरणार नाही. १९४२ साली असे कापड हातात धरून चालणे एवढेच लाठी खायला, तुरुंगात जायला आणि काही ठिकाणी गोळी झेलायला पुरेसे होते. रणगाड्याला या जिल्ह्यात घर मिळाले. या कापडाला कुठे मिळाले?

युद्धकाळातले राजकीय झेंडे ऐतिहासिक वस्तू म्हणून जमवणे हा युरोप-अमेरिकेत जुना छंद आहे आणि मोठा बाजारही. आपल्याकडे तो नुकता कुठे मूळ धरतो आहे. म्हणूनच काय जमवावे, खरे कसे ओळखावे, कसे जपावे, कायदा काय म्हणतो आणि द्वेषाचे झेंडे ठेवावेत का, हे प्रश्न आत्ताच एकत्र पाहून घेतलेले बरे. आढावा नगरपासून सुरू करायला कारण आहे. या जिल्ह्याने जितक्या निशाणांची ये-जा पाहिली, तितकी फार थोड्या जिल्ह्यांनी पाहिली असेल.

निशाणांचा जिल्हा

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले अशा सगळ्या मराठी फौजा एका बाजूने उभ्या राहिल्याची ती शेवटची मोठी वेळ. त्या काळी जरीपटका ज्याच्याकडे, त्याच्याकडे मोहिमेचा अधिकार. म्हणजे निशाण ही शोभेची वस्तू नव्हती, तो हुकूम होता. पुढे आठच वर्षांनी, १२ ऑगस्ट १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि बुरुजावरचे निशाण बदलले.

इंग्रजांनी या किल्ल्याचा आणि छावणीचा उपयोग पुढे परक्या कैद्यांसाठीही केला. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी इथे आणले गेले. दोन्ही महायुद्धांत जर्मन नागरिक इथल्या छावणीत स्थानबद्ध होते. तिबेटमधल्या आपल्या सात वर्षांवर पुस्तक लिहिणारा ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर १९३९ साली कराचीत पकडला गेला, आणि त्याच्या बंदिवासाचे पहिले काही महिने नगरला गेले. नाझींचे समर्थक, नाझींचे विरोधक आणि हिटलरच्या छळाला कंटाळून पळालेले ज्यू निर्वासित, असे सगळे केवळ पासपोर्ट जर्मन म्हणून एका तारेच्या कुंपणात राहिले. एकाच झेंड्याकडे तीन नजरांनी पाहणारी ती माणसे होती.

आणि मग ऑगस्ट १९४२. मौलाना आझाद, नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सदस्यांना किल्ल्यात आणून ठेवले. यांतले पटेल हे १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहाची धुरा वाहिलेले. चरख्याचा झेंडा घेऊन मनाई केलेल्या रस्त्याने चालायचे, एवढाच त्या सत्याग्रहाचा कार्यक्रम होता. आत हे नेते, आणि बाहेर भूमिगत चळवळ चालवणाऱ्यांत नगरचेच अच्युतराव पटवर्धन. त्याच वेळी याच जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यातला निमजचा नामदेव जाधव ब्रिटिश निशाणाखाली मराठा लाइट इन्फंट्रीत होता. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर, जर्मन माऱ्यात जखमी साथीदारांना वाचवून शत्रूची मशीनगनची ठाणी त्याने उद्ध्वस्त केली आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक जिल्हा, एक युद्ध आणि किती निशाणे! संग्राहकाने हे आधी ध्यानात घ्यावे: युद्धकाळात कुणाच्याही घरात एकच झेंडा नसतो.

जिंकलेले निशाण

झेंडे जमवण्याची सर्वांत जुनी परंपरा सैन्याची. शत्रूचे निशाण हिसकावून आणणे ही पराक्रमाची पावती. पूना हॉर्स ही आज चिलखती दलातली नामांकित रेजिमेंट, आणि चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरलाच. या रेजिमेंटच्या पूर्वसूरींनी ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणातल्या खुशाबच्या लढाईत एका इराणी पलटणीचे निशाण मिळवले. त्याच्या टोकावर चांदीचा पंजा होता, आणि त्यावर अल्लाचा हात सर्व हातांच्या वर असल्याचा मजकूर कोरलेला. तो पंजा रेजिमेंटने आपल्याच निशाणावर मानाने चढवला.

नगरच्या माणसाला हा पंजा लगेच ओळखू येईल. मोहरमच्या दिवसांत शहरातल्या कोठला भागातून निघणाऱ्या सवाऱ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला काठीच्या टोकावरचा धातूचा पंजा काय असतो हे सांगावे लागत नाही. श्रद्धेची वस्तू रणात निशाण झाली, निशाण लूट झाले आणि लूट पुढे रेजिमेंटचा मान झाली. इराणी पलटणीचे उरले ते धातूचे टोक. कापडाची गोष्ट इथेही तीच.

एका बाबतीत मात्र सैन्याने संग्राहकांना धडा घालून दिला आहे. कुठल्या लढाईत, कुठल्या तारखेला आणि कुणाकडून हे निशाण आले, ते पलटणीच्या इतिहासात लिहून ठेवलेले असते. नोंद आहे म्हणून पंजाला किंमत आहे. नोंद नसती तर जुन्या बाजारात तो चांदीच्या भावाने गेला असता.

चरख्याचे झेंडे गेले कुठे?

राजकीय झेंड्यांची गोष्ट याच्या उलट. ९ सप्टेंबर १९४२ हा एकच दिवस घ्या. नंदुरबारला झेंडा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा पडला. त्याच दिवशी सातारा जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळ्या चालल्या. त्या वर्षी महाराष्ट्रात किती झेंडे शिवले गेले असतील याचा अंदाजही करता येत नाही. मग आज ते इतके दुर्मीळ का?

पहिले कारण, हे झेंडे जपण्यासाठी शिवलेलेच नव्हते. घरातली खादी फाडायची, रंगात बुडवायची, शिवून काठीला लावायची. पोलिसांनी हिसकावला तर दुसरा. हिसकावलेला झेंडा खटल्यात मुद्देमाल, आणि खटला संपला की मुद्देमालाची वाट लागते. दुसरे कारण, झडतीची भीती. घरात झेंडा सापडणे हाच पुरावा, त्यामुळे कित्येक झेंडे चुलीत गेले असणार. तिसरे कारण स्वातंत्र्यानंतरचे आणि सर्वांत साधे. चरख्याच्या जागी अशोकचक्र आले, जुना झेंडा लावायचा नाही म्हटल्यावर त्याचा उपयोग संपला. खादी घट्ट विणीची असेल तर तिची पिशवी झाली, विरळ असेल तर फडके.

काँग्रेसचाच नव्हे, त्या काळातला प्रत्येक झेंडा इतिहासाचा पुरावा आहे. युद्धाला लोकयुद्ध म्हणणाऱ्या कम्युनिस्टांचा लाल बावटा, हिंदुमहासभेचा कृपाण-कुंडलिनी असलेला भगवा, मुस्लिम लीगचा हिरवा. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केले तेव्हा त्यांनी काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र लावले होते. वर्षभरातच जे अशक्य झाले, ते त्या तीन कापडांच्या शेजारात दिसत होते. आपल्या पक्षाचा तेवढा झेंडा ठेवायचा आणि दुसऱ्याचा फेकायचा, असे करणाऱ्याला संग्राहक म्हणता येत नाही.

पुण्यातले एक कापड

जपले तर काय होते, हे नगरहून अडीच-तीन तासांवर पाहायला मिळते. मादाम भिकाईजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. तो झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी इंग्रजांची नजर चुकवून भारतात आणला, आणि आज तो पुण्याच्या केसरीवाड्यात आहे. तीन आडवे पट्टे, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’, खालच्या पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर.

वरच्या पट्ट्याबद्दल मात्र पुस्तकांत दोन वर्णने चालत आली आहेत. कुणी आठ कमळे लिहितो, कुणी एक कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले, तिसऱ्याने शाळेच्या भिंतीवर रंगवले. असा घोळ झाला की शेवटी मूळ वस्तूपाशी जावे लागते. मूळ झेंडा जपायचा तो केवळ त्यापुढे हात जोडण्यासाठी नाही. आपण लिहिलेला इतिहास तपासून घेण्यासाठी.

१९०७ च्याच सुमारास पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती, शिक्षणासाठी विलायतेत होते आणि पॅरिसच्या क्रांतिकारकांत त्यांची ऊठबस होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान याच सेनापती बापटांना मिळाला. त्या दोन तारखांमधली चाळीस वर्षे म्हणजे आपल्या झेंड्याचा सगळा प्रवास. देशात त्या १५ ऑगस्टचे जे झेंडे उरले, त्यांतला एक चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्ज संग्रहालयात आहे. बारा फूट बाय आठ फुटांचा हा रेशमी तिरंगा २०१३ पासून लोकांना पाहता येतो. तोवरची साठाहून अधिक वर्षे तो बांधून ठेवलेला होता.

खरा की बनावट?

जिथे मागणी, तिथे नक्कल. जगभरच्या बाजारात नाझी झेंड्यांच्या नकला इतक्या आहेत की जाणकार आधी खोटा धरूनच तपासायला बसतात. आपल्याकडे मुंबईच्या चोरबाजारापासून मोबाइलवरच्या लिलावांपर्यंत ‘४२ चा झेंडा’ आणि ‘आझाद हिंद सेनेचा झेंडा’ आता दिसू लागला आहे. घेणाऱ्याने काही साध्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली, चिन्ह आणि साल जुळते का. पांढरा, हिरवा, लाल अशा पट्ट्यांवर चरखा असेल तर झेंडा १९२१ नंतरच्या दशकातला. केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा हे रूप १९३१ पासूनचे. अशोकचक्राचा झेंडा घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. म्हणून ‘आजोबांनी बेचाळीसच्या मोर्चात धरलेला’ झेंडा अशोकचक्राचा निघाला, तर आजोबा खरे असतील, झेंडा नंतरचा आहे. आझाद हिंदच्या बाबतीतही तेच. झेप घेणारा वाघ हे जर्मनीत उभारलेल्या आझाद हिंद पलटणीचे चिन्ह. पूर्व आशियातल्या आझाद हिंद सरकारने चरख्याचाच तिरंगा वापरला. रंगूनहून आलेला म्हणून वाघाचा झेंडा कुणी पुढे केला, तर पैसे काढण्याआधी दोन प्रश्न विचारावेत.

दुसरी गोष्ट, कापड आणि शिवण. हातकताईचे सूत कुठे जाड, कुठे बारीक असते. भिंगाखाली ते लगेच दिसते. पट्टे एकमेकांना जोडलेत की एकाच कापडावर छापलेत? शिवणीचा दोरा सुती की नायलॉनचा? दोरा कृत्रिम निघाला तर एक तर झेंडा नवा, नाही तर नंतर दुरुस्त केलेला. तिसरी, अंधारात अतिनील दिवा. कापड उजळवणारी रसायने युद्धानंतर सर्वत्र पसरली. त्यामुळे दिव्याखाली निळसर चमकणारे कापड संशयास्पद. पण घाई नको: अस्सल झेंडाही कुणी मागच्या दिवाळीत साबणपावडरीत भिजवला असेल तर तोही चमकेल.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी, आणि ती कापडात नसते. कुणाचा, कुठला, कुणाकडून आला? ही साखळी तुटली की अस्सल झेंडाही मुका होतो.

जपायचे कसे?

झेंड्याचे शत्रू फार नाहीत, पण ते सगळे आपल्या घरात राहतात: ऊन, ओल, घडी, गंजकी टाचणी, झुरळ आणि प्रेम. हो, प्रेमसुद्धा. १८१४ साली फोर्ट मॅकहेन्रीवर फडकलेला अमेरिकेचा प्रसिद्ध झेंडा मुळात ४२ फूट लांब होता. आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये तो ३४ फुटांचाच आहे. उरलेल्या भागाचे तुकडे ज्या घराने तो सांभाळला, त्याच घराने आठवण म्हणून लोकांना कापून दिले. एक तारासुद्धा गेला. पुढे १९१४ साली त्याला आधार म्हणून लिनन शिवले. ते काढायची पाळी १९९८ नंतर आली तेव्हा सुमारे सतरा लाख टाके एकेक करून उसवावे लागले. तेव्हापासून तो मंद उजेडात, जवळजवळ आडवा ठेवलेला आहे.

आपल्या घरातल्या झेंड्यासाठी इतका खटाटोप लागत नाही. धुऊ नये, इस्त्री करू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. टाचण्या आणि पिना काढून टाकाव्यात, कारण गंजाचा डाग कापड खातो. घडी घालण्याऐवजी जाड नळीवर आम्लरहित कागद गुंडाळून त्यावर झेंडा सैल गुंडाळावा, वरून धुतलेले, खळ नसलेले मलमल. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. डांबराच्या गोळ्या कापडाला लागून ठेवू नयेत. दिवाणखान्यात फ्रेम लावायचीच असेल तर झेंड्याचा फोटो लावावा, झेंडा अंधारात राहू द्यावा. संग्रहालये कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, आणि आपल्या खिडकीतले ऊन त्याच्या कैक पट असते. फाटलेले शिवण्याचा मोह टाळावा. त्यासाठी लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आहे. त्यांना आधी विचारावे.

कायद्याची अडचण

इथे एक गंमत आहे, आणि ती थोडी दुखरी आहे. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे फाटका, मळका राष्ट्रध्वज कुठेही टाकू नये. खासगीत, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा. नियम योग्यच आहे. प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी गटारात पडलेले झेंडे पाहिले की त्याची गरज पटते. पण इतिहासाच्या दृष्टीने फाटका झेंडाच बोलका असतो. तो कुठे फाटला, कशाने फाटला, डाग कसला, हाच त्याचा मजकूर. संहिता आजच्या राष्ट्रध्वजासाठी लिहिलेली आहे. चरख्याचा झेंडा तिच्या आधीचा. तरी ‘जुना झेंडा घरात ठेवू नये, जाळावा’ ही समजूत लोकांत घट्ट बसली आहे, आणि तिच्यापायी चांगल्या वस्तू अग्नीला जातात.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तू आणि कलाखजिन्यांचा. हस्तलिखिते सोडली तर त्यात साधारण शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू पुरावस्तू ठरते आणि तिला परदेशी नेण्यावर बंधन येते. कामांचा झेंडा २००७ मध्ये शंभर वर्षांचा झाला. बेचाळीसचा झेंडा २०४२ मध्ये होईल. तोवर तो विकणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि नेणाऱ्याचा आहे.

नकोसे झेंडे

शेवटचा प्रश्न अवघड. स्वस्तिकाचा नाझी झेंडा, रझाकारांचे निशाण, गोव्यातला पोर्तुगीज झेंडा, हे ठेवावेत का? जर्मनीत नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन हा गुन्हा आहे, मात्र शिक्षण, संशोधन आणि कलेला त्यातून मोकळीक आहे. हा भेद कामाचा आहे. संग्रहालयाच्या पेटीत माहितीच्या पाटीसह असलेला झेंडा पुरावा असतो. तोच गॅलरीत टांगला की घोषणा होते. आपल्याकडे आणखी एक गोंधळ. आपल्या उंबऱ्यावरचे स्वस्तिक आणि ते स्वस्तिक यांत फरक न कळल्यामुळे कुणी तो झेंडा कौतुकाने मिरवतो. अशा वस्तूशेजारी लाखो माणसांच्या छळाची हकिगत नसेल, तर ती वस्तू खोटे बोलते.

जपानी झेंड्यांनी याहून वेगळी वाट दाखवली आहे. युद्धावर जाणाऱ्या जपानी सैनिकाला घरचे, शेजारचे लोक राष्ट्रध्वजाच्या पांढऱ्या भागावर सह्या आणि शुभेच्छा लिहून देत. ब्रह्मदेशात आणि पॅसिफिकमध्ये मेलेल्यांच्या खिशातून ते दोस्त सैनिकांनी आठवण म्हणून घेतले. आज अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातली ओबोन सोसायटी अशा झेंड्यांवरची नावे वाचून ते त्या त्या कुटुंबांना परत पोचवते. कित्येक घरांत हाडही परत आले नव्हते, तिथे झेंडा आला. ब्रह्मदेशात लढलेल्या भारतीय जवानांपैकी कुणाच्या ट्रंकेत असा सह्यांचा झेंडा निघाला, तर तो विकण्याआधी त्यावरची नावे वाचून घ्यावीत. संग्रहाचा शेवट कधी कधी परत देण्यात असतो.

निकाल

तर या सगळ्याचा निष्कर्ष काय? झेंडा जमवणे सोपे आहे, त्याची हकिगत जमवणे अवघड, आणि किंमत हकिगतीला आहे. खर्ड्याच्या किल्ल्यात २०२१ साली ७४ मीटर उंच खांबावर भगवा उभारला गेला. दूरवरून दिसतो, लोक मान उंचावून बघतात. उंच झेंड्यासाठी पैसा उभा राहतो. दोन हातांच्या जुन्या झेंड्याला एक पेटी आणि एक पाटी पुरते, पण त्यासाठी कुणी मागणी करीत नाही.

नगरमध्ये ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, रणगाडा संग्रहालय आहे, किल्ल्यात नेत्यांच्या कोठड्यांची आठवण आहे. जिल्ह्यात महाविद्यालये आणि त्यांचे इतिहास विभाग आहेत. अकोले, संगमनेर, पारनेर, श्रीगोंदा, जामखेड अशा तालुक्यांतून विद्यार्थ्यांनी घरोघर विचारून फोटो, माप, चिन्ह आणि तोंडी हकिगत यांची एक वही तयार केली तरी मोठे काम होईल. झेंडे घरच्यांकडेच राहू देत, वही तेवढी सार्वजनिक असावी.

आणि वाचकांना एवढेच: या दिवाळीला माळा काढाल तेव्हा जुन्या ट्रंकेच्या तळाशी रंगीत खादीची घडी सापडली, तर ती धुऊ नका, जाळू नका, विकू नका. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि ते सांगतील ते तारखेसह लिहून काढा. कागद झेंड्यासोबतच ठेवा. २०४२ साली कायदा त्या कापडाला पुरावस्तू म्हणेल. तेव्हा हकिगत सांगणारे कुणी उरलेले नसेल.